डिस्कची खाच

प्रसन्न सबनीसने 'स्ट्रॅटेजी' हा शब्द उच्चारला की चेतना देवधर खिडकीबाहेर बघायला लागायची. नोएडाच्या त्या सेक्टरमध्ये खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोर पुठ्ठ्याचे खोके बनवणारा कारखाना, खाली छोले-कुलच्याची गाडी आणि तिच्याभोवती गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं. तरी ती बघायची. प्रसन्नच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा कुलचे बरे.

तसा माणूस वाईट नव्हता. नुसता मूर्ख होता. पण मूर्ख माणसाला काचेची केबिन आणि मोठा पगार दिला की त्याच्या मूर्खपणाला लोक दूरदृष्टी म्हणायला लागतात, आणि मग तो उंटावर जो चढून बसतो तो खाली यायचं नाव घेत नाही.

कंपनीला सगळे 'चक्री'च म्हणायचे, कारण ती जो गेमिंग कन्सोल काढणार होती त्याचं नाव चक्री. टीव्हीला जोडायचा डबा, हातात कंट्रोलर, आणि खेळा. मालक ढींगरासाहेबांनी आधी इन्व्हर्टर विकून बक्कळ कमावलं होतं आणि आता त्यांना अस्सल देशी कन्सोल काढायची हौस आली होती. हा धंदा जगभर जपानी आणि अमेरिकन मातब्बरांच्या हातात. त्यांच्याशी कसं लढायचं असं कोणी विचारलं की प्रसन्न हसून विषय बदलायचा. त्याचं सगळं युद्ध गुडगावच्या 'उल्का'शी. उल्काही तसाच डबा काढत होती आणि तोही अजून बाजारात यायचा होता. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशातली गत. उल्काचा कंट्रोलर निळा झाल्याची कुणकुण लागली की चक्रीचा निळा व्हायचा. उल्काची किंमत कळल्याशिवाय आपली सांगायची नाही असं इथे ठरलेलं, आणि तिथे उल्कावालेही अगदी हेच ठरवून बसलेले.

चेतना हार्डवेअरची प्रमुख. डब्याच्या आत जे जे होतं ते तिचं आणि तिच्या टीमचं. पण त्यातली एकच गोष्ट तिच्या जिवाची होती. डब्याच्या पुढच्या बाजूला, डिस्क आत सरकवायची खाच आणि तिच्यामागचा ड्राइव्ह.

त्या खाचेवर सगळ्यांचा डोळा होता. या धंद्याचं गणित असं, की डबा तोट्यात विकायचा आणि पुढे प्रत्येक गेमच्या विक्रीत हिस्सा काढायचा. गेम इंटरनेटवरून उतरवायचा असेल तर ज्याला त्याला तो वेगळा विकत घ्यावा लागतो. डिस्क असली की एक घर विकत घेतं आणि चार घरं खेळतात. म्हणून प्रसन्नसारख्यांना डिस्क नकोशी. चेतना म्हणायची, अरे, चार घरं खेळतात म्हणजे चार घरांत डबा विकला जातो! मातब्बर डिस्क सोडत चाललेत, मग आपल्याकडे वेगळं असं दुसरं आहे तरी काय?

हे तिला कुठल्या पुस्तकातून कळलं नव्हतं. ती दिल्लीतच, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढली. तिचे बाबा, सूर्यकांत देवधर, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अधिकारी. तेव्हा टीव्हीला जोडायच्या गेमची कॅसेट असायची, आणि अख्ख्या ब्लॉकमध्ये एक नवीन कॅसेट आली की ती घरोघर फिरायची. आज मोहंतींकडे, उद्या अय्यरांकडे, परवा देवधरांकडे. भांडणं फार व्हायला लागली तेव्हा बाबांनीच पाळ्या लावून दिल्या. कोणाची परीक्षा असेल तर त्याची पाळी पुढे, कोणाकडे ताप असेल तर कॅसेट त्याच्याकडे मुक्कामाला. बाबा सेक्रेटरीची बदली हाताळायचे तितक्याच गांभीर्याने हे हाताळायचे, आणि कॅसेटच्या नादाने ज्यांच्याकडे गेमचा डबा नव्हता त्यांच्याकडेही तो आला. चेतनाला तिच्या डब्यातून हेच परत हवं होतं. ड्राइव्ह राहिला तर तीन वर्षांच्या कामाला अर्थ होता. नाही तर तिने नुसता एक खोका बनवला, असं तिला वाटायचं, आणि खोके तर समोरच्या कारखान्यातही बनत होते.

गणपतीच्या आधी प्रसन्न तिच्या टेबलाशी आला आणि खुर्ची ओढून बसला.

"ऐक ना यार, सिंपल आहे. उल्काला कळवायचं की आपण ड्राइव्ह काढून टाकतोय. ते घाबरून त्यांचाही काढून टाकतील. मग डिस्कवाला देशी कन्सोल फक्त आपला! तुझा ड्राइव्ह सेफ, बिल्कुल. मी लिहून देतो."

"आणि त्यांना कळवणार कसं? पत्र पाठवून?"

"मराठीत," प्रसन्न म्हणाला, आणि स्वतःवरच खूश होऊन हसला.

दिल्लीतल्या मराठी माणसाची एक खोड आहे. बाहेर तो दिवसभर हिंदी बोलतो, ऑफिसात इंग्रजी फेकतो, पण चारचौघांत काही खासगी बोलायचं झालं की मराठीत शिरतो. मेट्रोत समोरच्या बाईच्या साडीवर बोलायचं, भाजीवाल्यासमोर आपसात भाव ठरवायचा, साहेबाला साहेबासमोरच नावं ठेवायची, सगळं मराठीत. त्यामुळे त्याचा असा पक्का समज होऊन बसतो की मराठीत बोललेलं आतलं असतं, आणि आतलं असतं म्हणजे खरं असतं. उल्काचा स्ट्रॅटेजी हेड होता विक्रांत गुप्ते. राहायला दिल्लीच्या द्वारका भागात, चेतनाच्या सोसायटीपासून दोन सेक्टर पलीकडे, आणि तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला आरतीत सगळ्यात मोठा आवाज त्याचा.

चेतनाला ही युक्ती पोरकट वाटली. पण ड्राइव्ह कायमचा राहत असेल तर पोरकटपणा करायला तिची हरकत नव्हती. आरती झाली, प्रसादाची रांग लागली, आणि प्रसन्नने बरोबर विक्रांतच्या मागे जागा धरली.

"मग, ड्राइव्हचं फायनल?" त्याने दबक्या आवाजात, म्हणजे पाच माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

"फायनल. काढला," चेतना म्हणाली. "डिस्क घेतंय कोण आता? मी स्वतः सर्व्हे बघितलाय. चक्क लाजिरवाणे आकडे आहेत."

हा सर्व्हे तिला तिथेच रांगेत सुचला. विक्रांतची मान ताठ झाली. त्याने द्रोणातला मोदक उचलला, तोंडापर्यंत नेला आणि न खाता परत ठेवला. चेतनाला हसू दाबता येईना. मजा आली तिला, खोटं कशाला बोलायचं. घरी येऊन तिने बाबांना सगळं रंगवून सांगितलं. बाबांना हल्ली कमी ऐकू यायचं, म्हणून तिने दोनदा सांगितलं.

"म्हणजे माणसं इतकी बावळट असतात?" बाबांनी विचारलं.

"ह्याहून बावळट असतात बाबा. तुम्ही रिटायर झालात म्हणून सुटलात."

दसरा झाला आणि उल्काने जाहीर केलं, आमच्या कन्सोलमध्ये डिस्क नसेल. चेतना त्या दिवशी द्वारकेहून नोएडापर्यंतचा मेट्रोचा लांबलचक प्रवास गाणं गुणगुणत करत आली. प्रसन्न पेढे घेऊन येईल अशी तिची कल्पना. प्रसन्न आला तो पडक्या चेहऱ्याने.

"काढला त्यांनी," तो म्हणाला.

"मग? हेच हवं होतं ना?"

"हो, पण का काढला असेल?"

चेतनाने त्याच्याकडे नीट बघितलं. तो थट्टा करत नव्हता.

"का म्हणजे? आपण सांगितलं म्हणून!"

"तेवढ्यावर? एवढी मोठी कंपनी, एवढे लोक, आणि प्रसादाच्या रांगेत ऐकलं म्हणून ड्राइव्ह काढतील? नाही चेतना. मी चौकशी केलीय. माझ्या मावशीची जाऊ विक्रांतच्या शेजारी राहते. तिच्याशी त्याची बायको अगदी घरच्यासारखं बोलते, मराठीत. त्यांच्याकडे डेटा आहे. सर्व्हे आहे. आणि एका सीनियर हार्डवेअर एक्स्पर्टने खासगीत कन्फर्म केलंय."

"प्रसन्न, ती एक्स्पर्ट मी आहे!"

"असशील."

"असशील काय! तो सर्व्हे मी उभ्या उभ्या बनवला. तू माझ्या शेजारी होतास. तुझ्या हातात द्रोण होता!"

"अच्छा, पण तुला तोच का सुचला?" प्रसन्न पुढे झुकून म्हणाला. "दुसरं काहीही सुचू शकलं असतं. आत कुठेतरी तुलाही माहीत आहे की डिस्क संपलीय."

चेतनाच्या डोक्यात तिडीक गेली. आयुष्यात तिने पुष्कळ मूर्ख बघितले होते, मूर्खांच्या हाताखाली कामही केलं होतं, पण स्वतः सोडलेल्या पुडीत स्वतःच अडकणारा माणूस तिने पहिल्यांदाच बघितला. ती तडक ढींगरासाहेबांच्या खोलीत गेली आणि गणपतीपासूनची सगळी कथा तिने हिंदीत सांगितली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बेटा, तुम भी कह रही थी कि डिस्क नहीं चलेगी, वो भी कह रहे हैं. दो कंपनियाँ एक ही बात कहें, तो बात में दम होगा ना?"

"सर, मी खोटं—मैं झूठ बोल रही थी!"

"मार्केट को थोड़े ही पता है," साहेब म्हणाले, आणि त्यांनी चहा मागवला.

आठवड्याभरात 'डिस्क-मुक्त घर' अशी घोषणा तयार झाली. साहेबांना ती इतकी आवडली की त्यांनी ती व्यापाऱ्यांच्या एका मेळाव्यात म्हणून दाखवली आणि टाळ्या घेतल्या. चेतनाच्या ड्रॉइंगमधली खाच एका दुपारी पुसली गेली. तिच्या टीममधल्या प्रतीकने ती पुसली आणि तिच्याकडे न बघता फाइल पुढे पाठवली. डब्याचे साचे मात्र नव्या वर्षात बनायचे होते. म्हणजे अजून वेळ होता.

आता इथे चेतनाने शहाण्या माणसासारखं वागायला हवं होतं. आकडे गोळा करायचे, चार घरं फिरायची, डीलर्सना भेटायचं, साहेबांसमोर पुन्हा पुन्हा डोकं आपटायचं. ते कंटाळवाणं काम होतं, आणि मूर्खांना पुरावे द्यायचे या विचारानेच तिला शिसारी आली. ही माकडं आहेत, तिला वाटलं. एकाने टोपी काढली की दुसरा काढतो. मग उल्काला ड्राइव्ह परत बसवायला लावू, म्हणजे प्रसन्न आपोआप बसवेल. नोकरी जाण्याचा धोका होता, पण जिथे खाचेसकट सगळं पुसलं जातं तिथली नोकरी राहिली काय नि गेली काय.

मंडळाचा दिवाळी फराळ ठरला. ती बाबांना घेऊन गेली. चिवडा, चकल्या, अनारसे, आणि दिल्लीत वाढलेली मुलं 'ये क्या है' विचारत अनारसा उलटसुलट करून बघत होती. विक्रांत गुप्ते चहाच्या टेबलाशी दिसला तशी ती बाबांना धरून तिथे गेली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"बाबा, सांगायचं राहिलं. ड्राइव्ह परत बसवतोय आम्ही!"

"काय बसवताय?"

"ड्राइव्ह! डिस्कचा! काढला हे नुसतं दाखवायला होतं. आता गुपचूप बसवतोय!"

"परत बसवताय? वा!" बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले. खाच गेल्याचं तिने त्यांना दहा दिवसांपूर्वी सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ते तिच्याशी तो विषय काढायचे टाळत होते. "वा, चेतू! मी म्हटलंच होतं. मला ठाऊक होतं तू ऐकून घेणाऱ्यातली नाहीस!"

त्यांना खरं सांगावं असं तिच्या मनात आलं. पण विक्रांतच्या हातातला चहाचा कप बशीवर खडखडला, तो ऐकतच होता, आणि तिने तोंड मिटलं. घरी गेल्यावर सांगू, असं तिने ठरवलं. घरी गेल्यावर बाबा इतके आनंदात होते की तिने ते पुढे ढकललं. ड्राइव्ह परत बसला की सांगायचं काही उरणारच नाही, असा तिने हिशेब केला.

तिची अटकळ अर्धी बरोबर निघाली. नाताळच्या सुमाराला प्रसन्नने सगळ्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. चेतना आज पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे बघत बसली होती.

"इंटेल आलंय, एकदम आतली खबर," प्रसन्न म्हणाला. "उल्का ड्राइव्ह परत आणतेय. साच्यांची ऑर्डरसुद्धा गेली."

"मग आपणही—" चेतना म्हणाली.

"थांब ना. गंमत ऐक. का आणतायत माहितेय? दिवाळी फराळाला कोणीतरी बाई मराठीत बोलताना त्यांनी ऐकलं म्हणे, की चक्री ड्राइव्ह परत बसवतेय!" तो खुर्चीत मागे रेलला आणि मनमुराद हसला. "मराठीत! म्हणजे झालं, वेदवाक्य! अरे, हा खेळ मीच शोधला ना? दिल्लीत कोणी मराठीत कुजबुजलं की समजायचं, पुडी आहे. ते फसले. आपण असल्या अफवांवर नाही चालत. आपण ठाम राहायचं. डिस्क-मुक्त घर!"

खोलीतले सगळे हसले. ढींगरासाहेबांनी टेबलावर थाप मारली. चेतनाने खिडकीकडे मान वळवली, पण बाहेर धुकं होतं, कुलच्याची गाडीही दिसत नव्हती. हा माणूस तीन वर्षांत एकदाच शहाण्यासारखा वागला होता आणि तो नेमका आज. ती बाई मी होते असं ती ओरडून सांगू शकली असती. पण मग बाकीचं काय सांगणार होती? की उल्काला मीच ड्राइव्ह परत दिला? जी गोष्ट सरळ भांडून मिळवायला हवी होती ती तिने चकलीच्या ताटाशी उभं राहून दुसऱ्याच्या पदरात टाकली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि हे सगळं ती इतरांना माकडं समजत असताना घडलं होतं.

साचे बनले. चक्रीचा पुढचा भाग गुळगुळीत निघाला.

उन्हाळ्यात दोन्ही डबे बाजारात आले. चक्रीचे गठ्ठेच्या गठ्ठे गोदामात राहिले, उल्काचे हातोहात खपले, आणि प्रसन्न उल्काच्या जाहिरातीचा रंग का चालला यावर प्रेझेंटेशन करत फिरायला लागला. चेतनाने राजीनामा लिहून ठेवला होता, द्यायचा तेवढा बाकी होता. त्या शनिवारी ती संध्याकाळी घरी आली तर बाबा घरात नव्हते. लिफ्टपाशी भेटलेल्या शेजारच्या प्रभाकाकू म्हणाल्या, "खाली मोहंतींकडे आहेत. आजकल वहीं रहते हैं, गं."

हे तेच लक्ष्मीबाई नगरचे मोहंती. रिटायर झाल्यावर बाबांच्याच सोसायटीत घर घेतलेले. दार उघडंच होतं. आत टीव्हीसमोर मोहंतीबाबू, बाबा आणि टॉवरमधले आणखी दोघंतिघं म्हातारे कंट्रोलर हातात घेऊन तावातावाने बसले होते. टीव्हीखाली डबा होता. त्याच्या अंगावर धूमकेतूची शेपटी रंगवलेली होती आणि पुढच्या बाजूला बारीकशी, सुबक खाच.

"ये, ये!" बाबांनी तिला हाक मारली. "बघ, सहाव्या मजल्यावरच्या खन्नांनी डिस्क आणलीय. आज मोहंतींकडे, उद्या आपल्याकडे. आपल्याकडे अजून डबा नाही म्हणून आपली पाळी मी अय्यरांच्या लेकाला देणार होतो, पण नको, तुझ्या कंपनीचा हा डबा आता आपणही घेऊ. पाळ्या मीच लावल्यात. खन्नांच्या नातवाची परीक्षा आहे, त्याला नंतर."

त्यांनी डिस्क उचलली, उजेडात धरून फुंकर मारली आणि खाचेत सरकवली. आतून ती अलगद ओढली गेली. मोटारीचा हलका आवाज आला. आवाज जरा खरखरीत होता, आपल्याकडचा मऊ असता, हे चेतनाला लगेच कळलं.

"काय सुंदर काम केलंयस चेतू," बाबा म्हणाले. त्यांनी मोहंतींकडे मान वळवली आणि अभिमानाने, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "ये मेरी बेटी ने बनाया है. कंपनी ने निकाल दिया था, इसने वापस लगवाया."

सगळे म्हातारे तिच्याकडे कौतुकाने बघायला लागले. चेतनाला तिथल्या तिथे रडू येईल असं वाटलं. डब्यावर मोठ्या अक्षरांत उल्काचं नाव होतं, पण बाबांचा चष्मा कपाळावर होता.

"तुझीच ना गं ही खाच?" बाबांनी मराठीत विचारलं.

"हो बाबा," ती म्हणाली. "माझीच."